साळुंखे मामांचे चार शनिवार

साळुंखे मामा मुलांच्या वसतिगृहाचे रेक्टर म्हणून रुजू व्हायला आले, त्या दिवशी त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. पाण्याची टाकी कवा भरती, दवाखाना किती मिनिटांवर हाय, आणि शनिवारी संध्याकाळी मागं किती पोरं राहत्यात?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे टाईप करून तयार होती. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या ऑफिसची मी अधीक्षक. नव्या माणसाला द्यायचा कागद माझ्या डाव्या खणात कायम असतो. तिसऱ्या प्रश्नाला मात्र मी थांबले. शनिवारी किती मुलं बाहेर पडतात, कोण कोणत्या ढाब्यावर बसतं, कोण कुंपणावरून आत येतं, याच्या नोंदी आमच्याकडे होत्या. मागे राहणाऱ्यांची नोंद कुणी ठेवली नव्हती. जी मुलं काही करतच नाहीत त्यांची यादी कशाला करायची?

"काढून ठेवा मॅडम," मामा म्हणाले. "शुक्कीरवारपत्तूर."

मी काढली. सतरा नावं निघाली.

मामा म्हणजे दिनकर साळुंखे, फौजेतले निवृत्त हवालदार, गाव रहिमतपूरच्या अलीकडे. उंची बेताची, मिशा मोजून कापल्यासारख्या, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला आणि गळ्यात शिट्टी. 'मामा' हे नाव मुलांनी आठवड्याच्या आत ठेवलं आणि मामांनी ते बढती मिळाल्यासारखं स्वीकारलं. मुलगा उशिरा आला आणि का उशीर झाला ते सांगायला लागला, की ते हात वर करायचे. "कारण नको रं. टाइम सांग." मग टाइम वहीत लिहायचे आणि त्याला झोपायला पाठवायचे. बहुतेक मुलांची कारणं फार मेहनतीने तयार केलेली असत. ती ऐकून न घेणं हीच त्यांना मोठी शिक्षा वाटायची.

मामा स्वतः दारू पीत नव्हते. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण त्यांच्या गावात ती फसवणूक मानली गेली होती. मामा निवृत्त होऊन घरी आले तेव्हा भावकी, सोयरे, शेजारी असे शंभरेक लोक मोठ्या आशेने जेवायला जमले. फौजी माणूस कायमचा घरी येतोय म्हणजे फौजी कँटीनची पेटी येणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. मामांनी श्रीखंड ठेवलं होतं. मामांचे सासरे पानावरून उठताना म्हणाले, "पीत न्हाईस ह्ये ठीक हाय. पण पाजायला काय झालं हुतं?" आणि त्यानंतर दोन वर्षं त्यांनी जावयाशी अबोला धरला.

पण मामांनी पिणाऱ्या मुलांना कधी उपदेश केला नाही. प्राचार्यांनी एकदा सुचवलं, की व्यसनमुक्तीवर एखादं भाषण ठेवा. मामा म्हणाले, "सर, पिणाऱ्याची सोय झालेली हाय. त्येला ढाबा हाय, चार दोस्त हाईत, सोमवारी सांगायला गोष्ट हाय. न पिणाऱ्याची सोय कोण बघणार?"

प्राचार्य म्हणाले, विचार करू. मामांच्या वहीत 'विचार करू' असा टाइम नव्हता.

त्या सतरा नावांतलं एक सन्मती चौगुले. मेकॅनिकल, पहिलं वर्ष. घर कर्नाटकच्या सीमेकडचं, जैन, ऊसवाले. सन्मती सूर्यास्तानंतर जेवत नसे, पाणीही पीत नसे. वसतिगृहाची मेस उघडायची साडेसातला. आचारी त्याचं ताट साडेपाचला काढून ठेवायचा आणि हा मुलगा साठ जणांच्या जेवणघरात एकटा, भिंतीकडे तोंड करून जेवायचा.

खोलीतली मुलं वाईट नव्हती. एका शनिवारी ती त्याला आग्रहाने ढाब्यावर घेऊन गेली. त्याच्यासाठी आधी सोडा मागवला, मग उसाचा रस, मग साधं पाणी. त्याने तिन्हीला नको म्हटलं. शेवटी वेटरने हळूच विचारलं, "ह्ये साहेब रागावल्यात काय?" मग मुलांनी आपली हेल्मेटं त्याच्याजवळ ठेवली, की निदान त्याला काहीतरी काम असावं. सन्मतीने तीन तास सात हेल्मेटं सांभाळली. सोमवारी त्याने कॉलेज सोडण्याचा अर्ज लिहिला आणि बुधवारी त्याचे वडील, बाळगोंडा चौगुले, तो अर्ज घेऊन माझ्या टेबलापुढे बसले. मामाही त्या वेळी ऑफिसात होते.

"दाखला द्या मॅडम," बाळगोंडा म्हणाले. "पोरगं फोनवर पण बोलंना झालंय. घरी दोन म्हशी हाईत. त्यांच्यासंगं तरी बोलंल."

मामा उभेच होते. "चौगुले, मला चार शनिवार द्या."

"कशाला?"

"पोराला एक दोस्त मिळवून देतो. एक. दोन मागत न्हाई. न्हाई जमलं तर मॅडम दाखला देतील आन् त्येची पेटी मी स्वतः गाडीवर बांधून देतो."

बाळगोंडांनी मामांच्या शिट्टीकडे जरा वेळ पाहिलं. "चौथ्या शनिवारी सहाला येतो," ते म्हणाले. "येताना दोरी घेऊन येतो."

अर्ज मी पेपरवेटखाली ठेवला.

पहिल्या शनिवारी साडेचारला मामांनी वसतिगृहाचा हॉल माझ्याकडून उघडून घेतला. किल्ली माझ्याकडे असते, म्हणून मी दाराशी. सतरा मुलं दोन रांगांत उभी. मामांनी हजेरी घेतली आणि प्रत्येकाला नाव, गाव, छंद मोठ्याने सांगायला लावलं. बारा जणांचा छंद वाचन निघाला, चौघांचा क्रिकेट. सन्मतीने "काही नाही" सांगितलं. मग मामांनी घड्याळ पाहिलं. "आता पंधरा मिनिटं मोकळ्या गप्पा. सुरू कर!" आणि शिट्टी वाजवली.

हॉलमधला पंखा कुरकुरतो, हे मला त्या पंधरा मिनिटांत कळलं. सतरा मुलं एकमेकांच्या चपला पाहत उभी होती. एकाने खोकून सुरुवात केल्यासारखं केलं, पण तो नुसता खोकलाच होता. पंधरा मिनिटं पूर्ण झाल्यावर मामांनी पुन्हा शिट्टी वाजवली, "विसर्जन!" म्हणाले आणि माझ्याकडे आले.

"गप्पा झाल्या मॅडम. बोललं कुणी न्हाई, पण शिस्त चांगली हुती."

दुसऱ्या शनिवारी त्यांनी ठरवलं, की पोरं चालली की बोलतात. दोनदोनची रांग करून मामा त्यांना कुपवाड एमआयडीसीच्या रस्त्याने घेऊन निघाले. कारखाने सुटायची वेळ, रस्त्यावर दुचाक्यांची गर्दी, आणि तिच्यातून मिशीवाला माणूस शिट्टीच्या तालावर मुलं चालवतोय. पुढे काय झालं ते मला आकड्यांवरून समजलं. गेले सतरा, आले एकोणीस. आमच्याकडे सैन्यभरतीची तयारी करणारी मुलं गल्लोगल्ली आहेत. त्यांतली दोन, भरतीचंच काहीतरी चाललंय असं समजून रांगेच्या शेपटाला लागली होती. पाच किलोमीटर ती बिनतक्रार चालली. फाटकात आल्यावर एकाने मामांना सॅल्यूट ठोकला आणि विचारलं, "सर, फॉर्म कवा भरायचा?"

मामांनी त्यांना चहा पाजला. नंतर मला म्हणाले, "सगळ्यांत चांगली चालली ती दोघंच. आपली पोरं नुसती गप." त्या संध्याकाळी पहिल्यांदाच त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. दोन शनिवार संपले होते. सन्मती अजून कुणाशी एक वाक्यही बोलला नव्हता. उलट, त्याने पुस्तकं खोक्यात भरायला घेतल्याचं आचाऱ्याने सांगितलं.

बुधवारी मामा माझ्याकडे कागद घेऊन आले. सामानाची यादी होती: चुरमुरे एक पोतं, शेंगदाणे, तेल, तिखट, कढीपत्ता, आणि लसूण पाच किलो, न सोललेला.

"सोललेला मिळतो बाजारात," मी म्हणाले.

"आवं मॅडम, सोललेला आणला तर मग काय उरलं?" मामा म्हणाले. "माझी चूक आत्ता ध्यानात आली. फौजेत आमचं कवा जमलं? परेडला न्हाई जमलं. लंगरमधी बटाटं सोलताना जमलं. हात गुतलं की तोंड सुटतंय."

तिसऱ्या शनिवारी हॉलमध्ये ताडपत्री पसरली, मध्ये लसणाचा ढीग, भोवती सतरा मुलं. रांग नाही, हजेरी नाही. मामांनी सांगितलं, की आज भडंग करायचं आणि स्वतः शेगडीपाशी गेले. दहा मिनिटांनी एक आवाज आला.

"मी लसूण खात नाही. मी सोलणारही नाही." तो सन्मती होता.

समोर विट्याचा रोहन माने बसला होता. विट्याचा म्हणायचं एवढंच. वडिलांचं सोनं गाळायचं दुकान दूर दक्षिणेत, मुलगा तिकडेच वाढलेला. त्याचं मराठी अडखळत यायचं, म्हणून तोही चार महिने गप्प होता. पण त्याला भडंग ठाऊक होतं. सुट्टीत आजी डबा भरून द्यायची.

"लसूण नसला तर ते भडंग नाही," रोहन म्हणाला. "ते नुसते चुरमुरे आहे."

"चुरमुरे *आहेत*," सन्मती म्हणाला.

"एक असो, दहा असो, लसूण पाहिजे!"

"आमच्या घरी चाळीस वर्षं बिनलसणाचं करतात. तू खाल्लंयस का?"

"मी कशाला खाऊ? मला शिक्षा आहे काय?"

बाकीच्यांनी बाजू घ्यायला सुरुवात केली. कुणी म्हणालं दोन कढया करा, कुणी म्हणालं एकाच कढईत अर्धं आधी काढा, कुणी तेलाला वास लागतो का याचं शास्त्र सांगायला लागलं. जयसिंगपूरच्या एका मुलाने आपल्या गावचं भडंग खरं असं जाहीर केलं आणि सगळे त्याच्यावर उलटले. मी दाराशी होते. पंखा ऐकू येत नव्हता. मामा शेगडी सोडून माझ्याकडे जवळजवळ पळत आले.

"भांडण लागलं मॅडम!" त्यांचा चेहरा मुलगा पास झाल्यासारखा झाला होता. "चौगुले भांडतोय!"

शेवटी दोन कढया झाल्या. जाताना ठराव झाला, की पुढच्या शनिवारी दोघांनाही चालतील असे चुरमुऱ्याचे लाडू करायचे. मामा म्हणाले, काकवी मी गावाकडनं आणतो, ताज्या गुऱ्हाळाची.

चौथा शनिवार. बाळगोंडा सहाला यायचे ते पावणेपाचलाच माझ्या ऑफिसात आले. ऊसतोड लवकर आटोपली होती. हातात खरोखरच दोरी होती. मी पेपरवेटखालचा अर्ज घेतला आणि आम्ही दोघं वसतिगृहाकडे निघालो.

पटांगणातून सन्मती येत होता. दोन्ही बगलांत एकेक बाटली, हातात तिसरी. मागे रोहन, त्याच्याकडे आणखी दोन. बाटल्यांवर लेबलं नव्हती, पण फौजी कँटीनच्या रमच्या बाटलीचा आकार आमच्या भागात लहान पोरालाही ओळखू येतो. आत काळसर, दाट काहीतरी होतं. आणि सन्मती हसत होता. अगदी मोठ्याने, मान मागे टाकून.

बाळगोंडा जागच्या जागी थांबले. मुलाचं ते हसणं त्यांनी चार महिन्यांत पाहिलं नसणार. बाटल्यांपेक्षा त्या हसण्यानेच त्यांची खात्री झाली.

"मॅडम," ते म्हणाले, "दाखला लिवा."

मुलं हॉलमध्ये शिरली. त्यांना आम्ही दिसलोच नाही. मामा मात्र सहावी बाटली घेऊन मागून येत होते. त्यांनी आधी घड्याळ पाहिलं.

"टाइम सहाचा हुता, चौगुले."

"म्हणून तर घावलं. फौजी माणूस दोस्त कसला मिळवून देणार, ह्ये मला आधी कळाय पायजे हुतं. चूक माझीच."

"काय घावलं?"

बाळगोंडांनी नुसतं बोट दाखवलं. मामांनी हातातल्या बाटलीकडे पाहिलं आणि मला वाटतं, ती बाहेरच्या माणसाला कशी दिसते हे त्यांच्या तेव्हाच पहिल्यांदा लक्षात आलं. त्यांच्या गावात अर्ध्या घरांत फौजी. तिथे ही बाटली म्हणजे काकवीचं भांडं. घट्ट झाकण, मुंगी शिरत नाही. एकदा धुतली की तीत पूर्वी काय होतं हे कुणाच्या मनातही येत नाही.

"आवं, काकवी हाय ही!"

"आसंच म्हणणार."

मामांनी झाकण फिरवलं आणि आपल्या तळहातावर बाटली तिरकी केली. जाड, लांब तार सावकाश खाली आली. "दारूची अशी तार निघती काय?"

बाळगोंडा जन्माचे ऊसवाले. ते पुढे वाकले, वास घेतला आणि नकळत बोट लावून चाखलं. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावरून सगळा राग गेला.

"जरा जास्त शिजवलीय," ते म्हणाले.

"मी त्येला तेच म्हणलं. ऐकत न्हाई गुळव्या."

मग बाळगोंडांना आपण बोट कशातलं चाखलं ते आठवलं. "पण बाटली! आमच्या घरात आसली बाटली उंबऱ्याच्या आत येत न्हाई."

"चुलतभाऊ रिकाम्या करतो, मी भरतो," मामा म्हणाले. "आन् तुमच्या पोरानं मला सोडलंय व्हय? मी गुऱ्हाळावर, तर ह्यो हितनं व्हिडिओ कॉल लावून बसला हुता. सात येळा उकळत्या पाण्यानं धुवायला लावल्या. 'मामा, तळ दाखवा. मामा, झाकण दाखवा.' माझ्या सुभेदारानं कवा माझी इतकी तपासणी केली न्हाई."

"सन्मती आसं बोलला?"

"लय बोलला."

बाळगोंडांनी दोरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "बरं. काकवी हाय, मानलं. पण ठरलं काय हुतं? दोस्त. एक नाव सांगा."

"मी सांगणार न्हाई. ह्या खिडकीपाशी उभं ऱ्हावा."

आम्ही तिघं हॉलच्या खिडकीबाहेर उभे राहिलो. पाऊण तास झाला तरी आत लाडू वळत नव्हते. काकवीचा पाक पुरेसा घट्ट होईना, चुरमुरे हातातून सुटून ताडपत्रीवर पडत होते आणि सतरा भावी इंजिनिअर त्यावर सतरा उपाय सुचवत होते. वेळ जाईना म्हणून बाळगोंडांनी मामांना विचारलं, "तुमी इतकी वर्सं फौजेत राहून पीत कसं न्हाई?"

"न्हाई आवडली. तेवीस वर्सं न्हाई आवडली."

"मग त्रास न्हाई झाला?"

"त्रास कसला? बडा खाना असला की जो पीत न्हाई त्येला ड्यूटी. मी फाटकावर. आत गाणी, हशा. बोलवायचं, न्हाई असं न्हाई. पण जाऊन करायचं काय?" मामा एवढंच बोलले आणि खिडकीचा गज पुसायला लागले. तो स्वच्छच होता.

तेवढ्यात आतून कुणीतरी पश्चिमेच्या खिडकीकडे पाहून ओरडलं, "ए, चौगुलेचा सूर्य चालला रे!"

हॉलमध्ये एकदम धावपळ झाली. "लाडू राहू दे, तसंच घाला ताटात!" "आधी त्याला! त्याचं झाल्याशिवाय कुणी हात लावायचा नाय!" "गरम आहे, तोंड भाजेल त्याचं!" रोहनने ताट आपल्या मांडीवर घेतलं आणि ड्रॉईंगच्या जाड वहीने त्याला वारा घालायला लागला. "किती मिनटं आहे? कुणीतरी बघा की! मोबाइलमधी बघा!"

बाळगोंडांनी मावळतीकडे पाहिलं. जन्मभर त्यांनी जेवणाची वेळ त्याच्यावरूनच ठरवलेली. "हाईत अजून वीस मिनटं," ते अगदी हळू म्हणाले.

रोहनला खिडकीत ते दिसले. "काका! तुमचा पण सूर्य आहे काय? या, या, आत या लवकर!"

बाळगोंडा आत गेले. त्यांनी मुलाशेजारी बसून न वळलेले लाडू चमच्याने खाल्ले, आणि पाकात गुळाचा खडा घातला असता तर जमला असता, असं सांगून सतरा जणांचा वाद पुन्हा पेटवून दिला. नंतर ते बाहेर आले, ओंजळीत थोडे लाडू घेऊन. घरी न्यायला माझ्याकडे कागद मागितला. माझ्या हातात एकच कागद होता. त्यांनी तो घेतला, वाचलं न वाचल्यासारखं केलं, लाडू त्यात ठेवले आणि दोरीने पुडी बांधली.

मोटारसायकल सुरू करून ते फाटकात थांबले. "सन्मतीला हाक मारा. येतो म्हणून सांगतो."

मामा हॉलच्या दारापर्यंत गेले. मी मागेच होते. आत सन्मती कढईवर वाकला होता, रोहन त्याच्या कानाशी ओरडत होता आणि सन्मती त्याला झाऱ्याने दूर सारत होता. मामांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. परत फाटकात आले.

"ड्यूटीवर हाय," त्यांनी बाळगोंडांना सांगितलं. "हलता येत न्हाई."

बाळगोंडांनी मामांकडे पाहिलं, हॉलकडे पाहिलं आणि गिअर टाकला. "मग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले आणि गेले.

मामा गेल्या वर्षी नोकरी सोडून गावाकडे शेती बघायला गेले. निरोप समारंभ झाला, शाल झाली, फोटो झाले. ते फोटो माझ्याकडे तारखेने लावलेले आहेत, पण मामा म्हटलं की मला त्या शनिवारचेच दिसतात. बाळगोंडा गेल्यावर ते हॉलच्या बाहेरच्या पायरीवर बसले. मी म्हणाले, आत चला, तुमच्यासाठी ताट ठेवलंय.

"नको मॅडम. मी गेलो की सगळी उठून उभी ऱ्हात्यात."

त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात घातली आणि भिंतीला डोकं टेकलं. आत कुणीतरी हसलं.

"रोहन," मामा डोळे मिटून म्हणाले.

मग आणखी एक हसणं आलं, जरा जाडसर, मध्येच अडकून पुन्हा सुटणारं. मामांनी बोट वर केलं, मी हलू नये म्हणून.

"हां," ते म्हणाले. "हा चौगुले."